पुस्तकात नसलेली आत्या

आमच्या घरात माणसं पाच होती आणि पुस्तकात चार. पुस्तक म्हणजे मेडिकल बुक, बाबांच्या पोलादाच्या प्लांटच्या हॉस्पिटलचं. आईनं त्याला जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर घातलं होतं आणि ते देवघराच्या फळीवर, पोथीच्या शेजारी असायचं. पहिल्या पानावर चार फोटो होते: बाबा, चष्मा लावलेली आई, मी आणि माझी धाकटी बहीण चिनू. आत्याचा नव्हता. नियम सरळ होता. नोकरदाराची बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, एवढ्यांचीच नावं त्यात चढायची. लग्न झालेली बहीण म्हणजे तिच्या नवऱ्याची जबाबदारी. आत्याच्या नवऱ्यानं तिकडे तुमसरला दुसरा संसार थाटला होता, पण हे नियमाला सांगायला कोण जाणार? मी तीन वर्षांची असताना कुसुमआत्या एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या रुआबांध्याच्या क्वार्टरमध्ये आली आणि राहिली. मला आईच्याही आधीपासून आत्या आठवते, असं मी म्हटलं की आई अजून फुगून बसते.

त्या दिवसांत आम्हाला सगळं प्लांटकडून मिळायचं. घर, नळाचं पाणी, वीज, शाळा, औषधं, रस्त्याकडेची झाडंसुद्धा. भोंगा झाला की सकाळ व्हायची आणि भोंगा झाला की बाबा सायकल टेकवून घरात यायचे. संध्याकाळी प्लांटच्या बाजूचं आभाळ तांबडं व्हायचं. नागपूरहून आलेले पाहुणे घाबरून विचारायचे, आग लागली का कुठं? चिनू पुस्तकातून डोकं न काढता म्हणायची, "कुछ नहीं, स्लॅग फेंक रहे हैं." स्लॅग म्हणजे भट्टीतून काढलेला रसरशीत मळ. आम्ही मुली मराठी बोलायचो ती स्वयंपाकघरात, आत्याशी. उंबरठा ओलांडला की हिंदी. आत्याला मात्र तिन्ही भाषा सारख्याच यायच्या, म्हणजे तिन्ही ती तुमसरच्या चालीत बोलायची. मागच्या दाराशी भाजीवालीशी छत्तीसगढी, दुधवाल्याशी हिंदी आणि आमच्याशी तिची ती खणखणीत बोली. "कावून ताटात टाकून राहिली वो? खाऊन घे नं गुमान."

तिचा स्वयंपाक आधी कानांना कळायचा. रविवारी पाटवडीचा रस्सा असला की वरवंट्याचा घरघराट, गोळाभात असला की शेवटी कढत तेल ओतल्याचा चर्र आवाज आणि पाठोपाठ आम्हा सगळ्यांचा ठसका. शेजारच्या साहूकाकींनी तिला फरा शिकवला, तांदळाच्या पिठाच्या वळ्या वाफवून करतात तो. आत्यानं त्यावरही लाल तिखटाचं तेल ओतलं. साहूकाकींनी कपाळाला हात लावला आणि दोन वेळा मागून घेतलं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून महिनाभर आमच्याकडे भुलाबाई बसायची. गाणी झाली की आत्या खिरापतीचा झाकलेला डबा कानाशी धरून हलवायची आणि आम्ही पोरींनी आत काय आहे ते ओळखायचं. वाजलं तर शेंगदाणे, नाही वाजलं तर शिरा. ती मुद्दाम दोन पदार्थ एकत्र करायची आणि आमची फजिती झाली की पदर तोंडाला लावून हसायची. तेव्हा मला वाटायचं ती आमच्या घरची आहे यात विचारण्यासारखं काही नाही. खरं तर विचारण्यासारखं पुष्कळ होतं.

मी अकरावीत होते. आमच्या मराठी मंडळाचा शारदोत्सव जवळ आला होता आणि वक्तृत्वस्पर्धेचा विषय निघाला: माणसाचे हक्क जन्मजात की देवाने दिलेले? विषय कुणी काढला देव जाणे. मागच्या वर्षी 'टीव्ही शाप की वरदान' होता, तिथून एकदम इतकी उडी. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायची आणि माझ्या हाती आली 'देवाने दिलेले'. बाबांना आनंदाचं भरतं आलं. बाबा टाइम ऑफिसात कारकून होते, पण मनातून ते कीर्तनकार होते. रोज सकाळी पूजा, गुरुवारी उपास, खोटं बोलणाऱ्याच्या हातचं पाणी नको म्हणायचे. त्यांनी माझं भाषण लिहायला घेतलं. ड्यूटीवरून आले की कपडे न बदलता खुर्चीत बसायचे आणि मला समोर उभं करायचे.

"हे पाह्य," ते म्हणायचे, "हे क्वार्टर कोनं देलं? प्लांटनं. मी रिटायर झालो की घेतीन का नाही परत? घेतीन. माणसानं देलेलं माणूस परत घेते. देवानं देलेलं कोनी परत घेऊ शकत नाही. हे वाक्य जोरात म्हण. इथं टाळ्या पडतीन."

मी जोरात म्हणायचे. आत्या दारात बसून मेथी निवडत ऐकायची. एकदा तिनं मधेच विचारलं, "मधू, देवाचं पन असंच पुस्तक असते का रे? फोटो लावलेलं?"

बाबा हसले. म्हणाले, "ताई, देवाच्या पुस्तकात समद्याइचं नाव असते."

"मंग बरं हाय बापा," आत्या म्हणाली आणि मेथीची जुडी उलटी केली. मला त्या वेळी ते बोलणं भाबडं वाटलं होतं. आज वाटतं, त्या खोलीत त्या विषयावर खरा विचार फक्त ती एकटी करत होती आणि आम्ही दोघं टाळ्यांची जागा शोधत होतो.

स्पर्धेला चार दिवस असताना आत्याचं पोट दुखायला लागलं. तिनं ते ओवा खाऊन, शेक घेऊन, 'वायू धरला' म्हणत दोन दिवस लपवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी थापता थापता ती परातीवरच वाकली आणि तिला सरळ होता येईना. उजव्या कुशीला हात लावू देईना. अंगात ताप होता. आईनं शेजारून प्लांटमध्ये फोन करून बाबांना बोलावून घेतलं. बाबा आले, त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग देवघराच्या फळीकडे पाहिलं आणि पुस्तक काढलं.

आता इथं थोडं थांबून सांगते. गावाकडून कुणी आजारी आलं की आपल्या पुस्तकावर त्याला दाखवून आणायचं, ही चोरी आहे असं आमच्या ओळखीच्या कुणालाच वाटायचं नाही. लोणच्याची बरणी शेजारी द्यावी तसं ते होतं. फोटो जुने झालेले, चेहरे पुसट. आमच्याच ओळीतल्या एकांनी आपल्या मेव्हण्याचं हाड स्वतःच्या नावावर बसवून आणलं होतं आणि पुढे महिनाभर ते स्वतः लंगडत ड्यूटीवर जात होते. आम्ही ते पोट धरधरून हसत सांगायचो. बाहेरच्या माणसालाही तिथं दाखल करून घेत, पण त्याला पैसे भरावे लागत. बाबांनी तेवढाही विचार केला नाही. पुस्तक घरात होतं आणि आईचं वय आत्याच्या जवळपासचं होतं.

आईनं स्वतःचा चष्मा काढून आत्याच्या नाकावर बसवला, कारण फोटोत चष्मा होता. आत्याला त्यातून काही दिसेना, तिनं माझा खांदा घट्ट धरला. आईनं घरीच थांबायचं ठरलं, कारण आई तर आजारी होती ना! ऑटो निघाली तेव्हा ती चष्म्याविना दारात उभी होती आणि भलत्याच दिशेला हात हलवत होती. ऑटोत बाबांनी मला समजावलं. "तिथं आत्या म्हनू नको. आई म्हन. कोनी इचारलं तर शालिनी." मला हसूच आलं. आत्या कण्हत होती, तरी तिनं चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हन नं एकडाव. पाहू दे कसं वाटते."

"आई," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले. पुढं हॉस्पिटल येईपर्यंत ती कण्हली नाही.

खिडकीवरच्या माणसानं फोटो पाहिला, चष्मा पाहिला, शिक्का मारला. आम्हाला आत घेतलं. पडद्याआडच्या टेबलावर आत्याला झोपवलं आणि एक डॉक्टरीणबाई आल्या. उंच, केस आवळून बांधलेले, आवाज शांत. त्यांनी पोट तपासलं, एका जागी दाबून हात सोडला तेव्हा आत्या किंचाळली. बाई पुस्तकाची पानं उलटत म्हणाल्या, "शालिनीजी, आपके दो सीज़र हुए हैं?"

आत्यानं चष्म्यातून डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला सीज़र म्हणजे काय ते कळलं नसावं. मी आणि चिनू दोघीही आईचं पोट उघडून जन्मलो होतो आणि ते त्या पुस्तकात तारखांसह लिहिलेलं होतं. बाबांनी इतकी वर्षं ते पुस्तक सांभाळलं, कव्हर बदललं, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. चष्म्याची आठवण झाली, पोटाची झाली नाही.

"निशान कहाँ है?" बाईंनी विचारलं.

आत्याचं पोट माझ्यासमोर उघडं होतं. सपाट, गव्हाळ, एक ओरखडा नसलेलं. मूल न झालेल्या बाईचं पोट. मी ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि ते असं, ट्यूबलाइटखाली, परक्या माणसांत पाहावं लागलं.

बाईंनी बाबांकडे पाहिलं. "ये आपकी पत्नी नहीं हैं. कौन हैं?"

मला वाटलं बाबा म्हणतील, माफ करा, माझी बहीण आहे. खोटं बोलणाऱ्याच्या हातचं पाणी न पिणारे माझे बाबा. त्यांच्या कपाळावर घाम होता, हातात पिशवी होती. त्यांना नोकरी दिसत असणार, चौकशी दिसत असणार, क्वार्टर रिकामं करायची नोटीस दिसत असणार. हे मी आज म्हणते. त्या क्षणी मला फक्त त्यांचे ओठ दिसत होते आणि त्या ओठांतून शब्द आले, "मॅडम, हमारे यहाँ खाना बनाती है. पेट दर्द बोली तो... बीवी ने दया करके किताब दे दी."

मी हे वाक्य नंतर शेकडो वेळा मनात ऐकलं आहे. 'है' म्हणाले. 'हैं'सुद्धा नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. माझं तोंड बाबांसारखंच आहे, ते त्यांनी पाहिलं असेल. "बेटा, तुम बताओ. ये तुम्हारी कौन हैं?"

आणि मी, जिला दोन दिवसांनी व्यासपीठावर माणसाच्या हक्कांवर बोलायचं होतं, मी म्हणाले, "खाना बनाती हैं."

कुणी मला भाग पाडलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. इतक्या सहज ते निघालं की मीच हादरले. लोक म्हणतात लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होतं. मला तसं काही झालं नाही. मला नुसती थंडी वाजली. नंतर आत्याचा आवाज आला, अगदी ओळखीचा, शेजारणीला साखर हवी का विचारावी तसा. "हव जी. खाना बनाती हूँ. साहब की कोई गलती नहीं."

ती स्वतःच्या धाकट्या भावाला, तिच्याच कडेवर वाढलेल्या मधूला, साहब म्हणाली.

 डॉक्टरीणबाईंनी पुस्तक मिटून बाबांच्या हातात दिलं. "जो भी हैं. किताब आपकी है, पेट तो इनका है. आज ही ऑपरेशन करना होगा." मग कोरा कागद पुढं ओढून त्या आत्याकडे वाकल्या. "अपना नाम बताइए. अपना."

आत्यानं आईचा चष्मा काढून उशाशी ठेवला. "कुसुम."

"आगे?"

सासरचं आडनाव तिनं टाकलं होतं. माहेरचं आडनाव बाबांच्या खिशाला लावलेल्या प्लांटच्या ओळखपत्रावर होतं आणि ते उच्चारलं असतं तर भावाचं खोटं उघडं पडलं असतं. आत्या छताकडे पाहत होती. "आगे कुछ नहीं," ती म्हणाली. "कुसुम लिखो."

कागदावर खाली सही हवी होती आणि सहीशेजारी एक रकाना होता: मरीज से संबंध. बाबांनी पेन घेतलं. त्यांचं अक्षर फार सुरेख, मंडळाच्या निमंत्रणपत्रिका तेच लिहायचे. त्या सुरेख अक्षरात त्यांनी लिहिलं: मालिक.

ऑपरेशन नीट झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, अजून काही तास गेले असते तर कठीण होतं, असं बाईंनी सांगितलं. तक्रार त्यांनी केली नाही. बाबांनी पैसे भरले, म्हणजे खोटं बोलून वाचवायचं असं शेवटी काहीच उरलं नव्हतं. त्यांनी घरी येऊन आंघोळ केली आणि बराच वेळ देवासमोर बसले. जेवले नाहीत. आईला त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. तिनं दोन दिवस त्यांच्या ताटात वाढलं, पण तोंड उघडलं नाही.

मी स्पर्धेला गेले. हे लिहायला नको वाटतं, पण गेले. बाबा पहिल्या ओळीत बसले होते. माझ्या आधीच्या मुलानं हक्क जन्मजात कसे ते सांगितलं आणि मधेच अडखळला. मी अडखळले नाही. "माणसाने दिलेले माणूस परत घेतो. देवाने दिलेले कुणीही परत घेऊ शकत नाही!" टाळ्या बरोबर तिथंच पडल्या. माझा पहिला नंबर आला. बक्षीस होतं स्टीलचा तीन पुडाचा डबा. बाबांनी डोळे पुसले. ते कशाला रडले, मला कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं त्याच डब्यात मुगाची मऊ खिचडी भरली आणि मी हॉस्पिटलात गेले. आत्या उशीला टेकून बसली होती. तिनं डबा घेतला, कानाशी धरला आणि हलवला. "नाही वाजून राहिला. खिचडी." मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "डबा नवा दिसते. जितली का?"

मी मान हलवली.

"सांग नं, काय बोलली तं."

मी सांगितलं. तिच्यासमोर ते वाक्य म्हणताना मी मधेच अडखळले, तरी तिनं पूर्ण म्हणायला लावलं. दोन घास खाल्ले. मग ती म्हणाली, "बेस बोलली. मले एक सांग पोरी. देवानं देलेलं कोनी परत घेऊ शकत नाही म्हनते, मंग परवा त्या टेबलावर तुह्या बापानं काय घेतलं माह्यापासून?"

मी रडायला लागले. "आत्या, मी पण तेच बोलले गं."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "पोट दुखून राहिलं होतं, कान नाही." तिनं माझे डोळे पुसले नाहीत. खिचडी मात्र संपवली.

ती घरी आली, बरी झाली, भुलाबाईची पाठवणी तिनंच केली. दिवाळीच्या आठवडाभर आधी एका सकाळी ती तीच पत्र्याची पेटी घेऊन बाहेरच्या खोलीत आली. बाबा बूट घालत होते. "मधू, स्मृति नगरात एका घरी सैपाकाचं काम लागलं. रिसालीत खोली पाह्यली. जातो मी."

बाबा उभे राहिले. एका पायात बूट, एक हातात. "ताई, लोक काय म्हनतीन?"

"लोकांले तूच सांगतलं नं बापा," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मी फक्त ते खरं करून राहिली. भाऊबीजेले येजो. ओवाळीन."

ते गेले. दरवर्षी गेले, मरेपर्यंत. तिनं दरवर्षी ओवाळलं, गोळाभात वाढला. दोघांपैकी कुणी त्या दिवसाचा शब्द काढला नाही. बाबांनी माफी मागितली असती तर तिनं दिली असती की नाही, यावर मी आणि आई अजून भांडतो. तिच्या खोलीच्या दारावर तिनं एका पेंटरकडून पाटी रंगवून घेतली होती, निळ्यावर पांढरी अक्षरं. नुसतं 'कुसुम'.

माणसाचे हक्क जन्मताना बरोबर येतात की कुणी वरून देतं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी केसांना मेंदी लावायच्या वयाला आले, दोन्ही बाजूंचं पुष्कळ वाचलं. एकदा आत्यालाच विचारलं. ती चिंच कोळत होती. "मले का माहीत वो? मी शाळा शिकली का? पन त्या बाईनं नाव इचारलं तवा माहंच निघालं तोंडातून. कोनाले पुसावं नाही लागलं."

मागच्या हिवाळ्यात ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी तिला रायपूरच्या एका दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या मुलीनं फॉर्म दिला, खाली तोच रकाना होता, रुग्णाशी नातं. स्ट्रेचर माझ्या शेजारीच होतं. मी किती वर्षांपासून या रकान्याची वाट पाहत होते, हे मला पेन हातात घेतल्यावर कळलं. मी मोठ्या अक्षरात लिहिलं: बेटी. आणि तिला दाखवलं. ऑटोत मिटले होते तसे ती डोळे मिटेल असं मला वाटलं होतं.

तिनं कागद जवळ धरून सावकाश वाचला. मग पेनकडे बोट केलं.

"खोड ते. भाची लिव. खरं हाय ते लिव, पोरी."